फलाटाच्या टोकाचा सोनचाफा

गुडघ्याचं ऑपरेशन झालं तेव्हा मी नुकतीच निवृत्त झाले होते. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये आयुष्यभर उभ्याने काम केल्याचं ते बक्षीस. व्यायाम शिकवायला येणारी मुलगी म्हणाली, "काकू, रोज चालायचं, पण सपाट जागेवर." डिलाईल रोडवर राहणाऱ्या बाईने सपाट जागा आणायची कुठून? फुटपाथवर स्कूटर लावलेल्या, गल्लीत कायमचं खोदकाम आणि मैदानात उजाडल्यापासून क्रिकेट. शेवटी मी रेल्वेचा महिन्याचा पास काढला आणि जवळच्या स्टेशनच्या फलाटावर चालायला लागले. गर्दी सुरू व्हायच्या आधी फलाटासारखी सरळ, लांबलचक जागा आमच्या भागात दुसरी नाही. दम लागला तर बाक आहेत. घरी मिस्टर हसायचे, म्हणायचे, पास काढून गाडीत न बसणारी तू पहिलीच.

फलाटाच्या मध्यावर, तिकीट खिडकीच्या मागच्या भिंतीलगत, मातीचा एक लांबट पट्टा होता. कधीकाळी तिथे बाग असावी, कारण कडेला तिरक्या लावलेल्या विटा अजून शाबूत होत्या. आत मात्र डेब्रिज, चहाचे कागदी कप, वेफर्सची पाकिटं आणि गुटख्याच्या पुड्या. त्या पट्ट्यात एक बाई सकाळी सकाळी ओढणी कमरेला घट्ट बांधून प्लास्टिकच्या बाटल्या उचलताना दिसायच्या. माझ्यापेक्षा थोड्या मोठ्या, उंच, पाठ ताठ. मी त्यांच्या बाजूने जायची, यायची. एक दिवस मान वर न करताच त्या म्हणाल्या,

"रोज इथून इतक्या फेऱ्या मारता. फेरीला एक बाटली उचललीत तरी माझं काम हलकं होईल."

"मला वाकता येत नाही हो. गुडघ्याचं ऑपरेशन झालंय."

"मग पोतं धरा. त्याला गुडघा लागत नाही."

मी पोतं धरलं. तिथून हे सगळं सुरू झालं.

बाई टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झाल्या होत्या. आधी ऑपरेटर, मग सुपरवायझर. त्यामुळे आवाज असा की दोन गाड्या एकदम आल्या तरी त्यांचा शब्द वेगळा ऐकू यावा. राहायला भोईवाड्यात. यजमान जाऊन काही वर्षं झालेली, मुलगा बंगलोरला. मी त्यांना ताई म्हणू लागले. त्या मला आधी मॅडम म्हणायच्या, त्यात थोडी चेष्टा असायची, मग कधीतरी "अगं" वर आल्या.

"हे करायला तुम्हाला कोणी सांगितलं?" मी एकदा विचारलं.

"कोणी कशाला सांगायला हवं? नोकरीभर याच फलाटावर उभी राहिले. रोज वाटायचं, एकदा हे साफ करायचं. तेव्हा वेळ नव्हता. आता आहे."

स्टेशनच्या साहेबांना भेटायला आम्ही दोघी मिळून गेलो. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "करा की. फक्त रुळांच्या बाजूला पाय ठेवायचा नाही. आणि माझ्याकडे द्यायला माणूस नाही, हे आधीच सांगतो." ताई म्हणाल्या, "माणसं आहेत आमच्याकडे." बाहेर आल्यावर मी विचारलं, कुठे आहेत माणसं? त्या म्हणाल्या, "येतील."

आणि आला खरंच एक माणूस. गिरणी बंद पडली तेव्हा विशीत असलेले, आता साठी उलटलेले एक गृहस्थ. त्याच गिरणीच्या जागेवर उभ्या राहिलेल्या टॉवरमध्ये रात्रपाळीला वॉचमन होते. सकाळी ड्युटी संपवून घरी जाताना आमच्याजवळ थांबायचे. पहिले काही दिवस नुसते बघत राहिले. मग एकदा डबा बाकावर ठेवला, शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि म्हणाले, "फावडा खंय आसा?" ते मालवणकडचे, मी देवगडची, त्यामुळे मला हायसं वाटलं. आम्ही त्यांना भाऊ म्हणायचो.

पहिली झाडं आम्ही नर्सरीतून आणली. जास्वंद, अनंत, क्रोटन. सगळी मेली. ताईंच्या मनाला ते लागलं, पण त्या रडत बसणाऱ्यातल्या नव्हत्या. एक मेलेलं झाड उपटून त्यांनी मुळं दाखवली. नर्सरीतल्या पिशवीएवढीच होती, पुढे सरकलीच नव्हती. खाली सगळा चुना, सिमेंट आणि खडी. मग आम्ही हातभर खणून ते सगळं बाहेर काढलं. हे लिहायला एक ओळ लागते. करायला पूर्ण हिवाळा गेला.

माती कुठून आणायची, हा पुढचा प्रश्न. ताई एकदा दादरच्या फुलबाजारातून येत होत्या. बाजार उठल्यावर तिथे झेंडूचे, पानांचे, देठांचे ढीग पडलेले असतात, ते त्यांनी बघितले. दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी पोती घेऊन गेलो. शेवंती विकणारी एक बाई म्हणाली, "घेऊन जा गं बायांनो, आम्हाला उचलायला बरंच." तो ओला पाला आम्ही फलाटाच्या कोपऱ्यात जुन्या ड्रमांमध्ये कुजवला. थोडा वास यायचा. प्रवासी नाकाला रुमाल लावून जायचे आणि आम्ही त्यांच्याकडे बघायचो नाही. खत तयार झालं, मातीत मिसळलं, आणि आम्ही काही लावायच्या आतच पट्टाभर झेंडू उगवला. कुजलेल्या फुलांतलं बी. ताई कमरेवर हात ठेवून बराच वेळ ते बघत होत्या. "बघ," एवढंच म्हणाल्या.

पाण्याचं म्हणाल तर नळ फलाटाच्या एका टोकाला, आणि त्याची धार करंगळीएवढी. आम्ही खाद्यतेलाच्या रिकाम्या कॅनना दोरी बांधून पाणी वाहायचो. मी एका हातात अर्धा कॅन न्यायची, ताई दोन्ही हातांत भरलेले. उन्हाळ्यात एक दिवस मी म्हटलं, आज राहू दे ना, उद्या घालू. त्या थांबल्याही नाहीत. "झाडाला उद्या कळत नाही," म्हणाल्या आणि पुढे गेल्या. मीही कॅन उचलला.

सगळ्यात मोठा त्रास थुंकणाऱ्यांचा. एक दिवस इस्त्रीचा शर्ट, गळ्यात ऑफिसचं कार्ड असलेला एक माणूस आमच्यासमोर नुकत्याच लावलेल्या सदाफुलीवर पचकन थुंकला. ताईंनी हातातला मग पाण्याने भरला आणि त्याच्यापुढे धरला.

"धुवा."

"काय?"

"त्या झाडावर थुंकलात ना, ते धुवा."

तो म्हणाला, "तुमच्या बापाची बाग आहे का?"

ताईंचा आवाज मात्र जरासुद्धा चढला नाही. "माझ्या बापाची नाही. तुमच्याही बापाची नाही. म्हणूनच धुवा म्हणतेय. घरात केलं असतंत तर मी बोलले नसते."

आजूबाजूची चारदोन माणसं थांबली. गाडीची घोषणा झाली. त्याने एकदा रुळांकडे बघितलं, एकदा ताईंकडे. ताई तो मग पुढे करून उभ्याच. शेवटी त्याने मग घेतला, पाणी ओतलं, तो जवळजवळ फेकूनच दिला आणि निघून गेला. ताईंनी तो उचलून पुन्हा भरला. "अजून थोडं राहिलंय," म्हणाल्या आणि राहिलेली पानं स्वतः धुतली.

कधी पाणी घालून झालं की आम्ही बाकावर चहा प्यायचो. अशाच एका सकाळी बोलता बोलता कळलं की आमच्या दोघींचे वडील एकाच गिरणीत होते. मला मोठा आनंद झाला. मी म्हटलं, "म्हणजे ते एकमेकांना ओळखतही असतील. माझे वडील साचेखात्यात होते." साचा म्हणजे माग. कापड विणायचं खातं ते.

ताईंनी चहाचा घोट घेतला. "माझे त्रासनखात्यात. सूत काढायचे. साचेखात्यात आमच्या लोकांना घेत नसत."

"का?"

"तुला ठाऊक नाही? धागा तुटला की तो धोट्याच्या भोकातून तोंडाने ओढून घ्यावा लागायचा. आमच्या तोंडचा धागा तुमच्या लोकांना चालायचा नाही. साच्यावर मजुरी जास्त होती. बाबा शेवटपर्यंत त्रासनखात्यातच राहिले."

त्यांनी हे रागाने सांगितलं नाही, हवापाणी सांगावं तसं सांगितलं. माझे वडील घरी गिरणीच्या कितीतरी गोष्टी सांगायचे. संप, जॉबर, बॉयलरची शिट्टी, सगळं. हे कधी सांगितलं नव्हतं. त्यांना ते सांगण्यासारखं वाटलं नसेल, आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटलं. ताईंनी रिकामा कप डब्यात टाकला आणि म्हणाल्या, "चल, मागच्या ओळीला पाणी राहिलंय." आम्ही उठलो. त्या दिवसानंतर मी त्यांच्या घरी जाऊ लागले, त्या माझ्या घरी. भोईवाड्यातल्या त्यांच्या खोलीत बुद्धाच्या मूर्तीपाशी रोज ताजी सदाफुली असायची, पण ती खिडकीतल्या कुंडीतली. बागेतलं फूल त्यांनी कधी घरी नेलं नाही.

कारण बागेचा नियम होता, फूल तोडायचं नाही. मी गावाहून येताना भावाच्या बागेतलं सोनचाफ्याचं कलम आणलं होतं, गाडीत मांडीवर धरून. ताई म्हणाल्या होत्या, "एवढंसं काय आणलंस?" पण जागा मात्र पट्ट्यातली सगळ्यात चांगली दिली. ते कलम लागलं, वाढलं, आणि तिसऱ्या वर्षी फुललं. तिकिटाच्या रांगेतली माणसं वास कुठून येतोय म्हणून मान वळवायची. मी एकदा हळूच म्हटलं, देवासाठी एकच घेऊ का? ताई म्हणाल्या, "देवाला हवं असेल तर देव येईल की इथे. पास नसला तरी मी काही बोलणार नाही."

आणि मग एका सकाळी काही माणसं टेप घेऊन आली, पट्टा मोजला, भिंतीवर लाल रंगाने खुणा केल्या. नव्या पुलाचा जिना नेमका तिथे उतरणार होता.

मला वाटलं ताई भांडतील. साहेबांच्या खोलीत जाताना मी मनात वाक्यंसुद्धा जुळवत होते. साहेब आधीच म्हणाले, "मॅडम, मला वाईट वाटतंय, पण जिना प्रवाशांसाठी आहे."

"जिना हवाच," ताई म्हणाल्या. "तो थांबवा म्हणायला मी आलेली नाही. या भागात जिना किती लागतो ते आम्हाला कोणी समजावून सांगायला नको. मला दोन गोष्टी द्या. दुसरी जागा आणि थोडा वेळ."

साहेबांनी खिडकीतून हात दाखवला. फलाटाच्या अगदी टोकाला, जिथे गाडीचा शेवटचा डबासुद्धा पोचत नाही, तिथे मोडक्या बाकांचा ढीग होता. "ती जागा घ्या. वेळ म्हणाल तर काम सुरू व्हायला पावसाळा संपेल."

बाकीची झाडं हलवणं सोपं होतं. जीव अडकला तो सोनचाफ्यात. तोवर तो माझ्या दीडपट उंच झाला होता. भाऊंनी त्याच्याभोवती एक फेरी मारली. "ह्यां झाड एका दिवसात उठाचां नाय. मुळां हळूहळू कापूक व्हयी." मी गावी भावाला फोन केला, त्यानेही तेच सांगितलं. एका बाजूने चर खणायचा, मुळं कापायची, चर खताने भरायचा. नवीन बारीक मुळं फुटली की दुसरी बाजू. भर पावसात आम्ही ते केलं. ताई प्लास्टिकचा रेनकोट घालून चरात उतरायच्या आणि चिखलाने अशा माखायच्या की स्टेशनचा झाडूवाला एकदा त्यांना म्हणाला, "मौसी, वर बसा, मी करतो." तो उतरला, पण ताई काही वर आल्या नाहीत.

झाड हलवायला रविवार ठरला, मेगाब्लॉकचा. त्या फलाटावर काही तास गाडी येणार नव्हती. साहेबांनीच तो सुचवला. हमालांनी सामानाची गाडी दिली. फांद्या छाटल्या, मुळांचा गड्डा गोणपाटात बांधला आणि भाऊंनी दोरी अशी आवळली की मातीचा कण सांडू नये. तरी गड्डा जागचा हलेना. ताईंनी आजूबाजूला बघितलं. ब्लॉकमुळे अडकलेली माणसं बाकांवर मोबाईल बघत बसली होती. त्यांचा तो एक्स्चेंजमधला आवाज फलाटभर गेला. "गाडी काही इतक्यात येत नाही. हात लावा जरा."

माणसं उठली. दोन कॉलेजच्या मुली, एक नर्स, ढोलकी खांद्याला अडकवलेला एक माणूस, आणखी कोण कोण. गड्डा गाडीवर चढला. आम्ही तो फलाटाच्या मध्यापासून टोकापर्यंत ढकलत नेला. मी झाडाचा शेंडा धरून बाजूने चालत होते, लग्नात नवरीचा हात धरून चालावं तशी. खड्डा तयार होता. झाड उभं राहिलं, चारी बाजूंनी बांबूंचा आधार दिला, पाणी घातलं. नर्स निघताना म्हणाली, "जगलं तर सांगा हं." कोणाला सांगणार, तिचं नावही आम्ही विचारलं नव्हतं.

आठवड्याभरात सगळी पानं गळली. मग नुसत्या काड्या. जिन्याचं काम सुरू झालं, जुन्या पट्ट्यावर पत्रे लागले. फलाटावर येणारा-जाणारा सांगू लागला, ते मेलंय, काढून टाका. ताई रोज बुंध्याची साल नखाने जराशी खरवडायच्या. आत हिरवं दिसलं की म्हणायच्या, "आहे." आणि कॅन घेऊन नळाकडे.

उन्हाळ्याच्या तोंडावर ताईंच्या छातीत दुखलं. शेजारच्यांनी हॉस्पिटलात नेलं, अँजिओप्लास्टी झाली. मी भेटायला गेले तर मुलगा आलेला होता. तो मला बाहेर घेऊन गेला आणि म्हणाला, "मावशी, तुम्ही तरी तिला सांगा. आता हे बागेचं बास. मी तिला बंगलोरला नेतोय." त्याचं चुकीचं नव्हतं. मी आत गेले. ताईंनी पहिला प्रश्न विचारला, "पान आलं?"

"नाही."

"नख लावून बघितलंस?"

बघितलं नव्हतं. खरं तर माझी हिंमत झाली नव्हती. तिथून मी सरळ स्टेशनवर गेले. वरच्या फांदीला नख लावलं, तपकिरी. खालच्या फांदीला, तपकिरी. बुंध्याला मध्यावर, तपकिरी. मी जमिनीवरच बसले. मग जमिनीपासून वीतभर उंचीवर साल खरवडली. हिरवं होतं. अगदी थोडं, पण ओलं आणि हिरवं.

दुसऱ्या दिवशी भाऊ करवत घेऊन आले. आम्ही वरचं सगळं मेलेलं झाड कापून टाकलं. माझ्या भावाच्या बागेतलं ते कलम, मांडीवर आणलेलं. खाली जो खुंट राहिला त्याला पाणी घालायची जबाबदारी आता माझी होती. पूर्ण कॅन मला उचलवत नसे, म्हणून मी अर्धा कॅन घेऊन दोनदा जायची. एवढंच काय ते माझ्या हातात होतं, आणि ते मी एकदाही चुकवलं नाही.

खुंटाला कोंब आले, तांबूस, टोकदार. मी फोटो काढून भावाला पाठवला. त्याचा लगेच फोन आला. "अगं, हे कलमाच्या जोडाच्या खालून आलंय. म्हणजे हा आपला चाफा नव्हे, खालचा बियाण्याचा खुंट. झाड होईल, फुलेलही, पण सात-आठ वर्षं तरी लागतील. फूल कसं येईल तेही सांगता येत नाही."

ताई तोवर घरी आल्या होत्या. मुलाशी त्यांचा तह झाला होता. पावसाळ्यापर्यंत त्यांनी बंगलोरला राहायचं, मग परत यायचं, जड उचलायचं नाही, जिना सावकाश चढायचा. जायच्या आदल्या दिवशी मी त्यांना कोंबाचं सगळं सांगितलं. लपवावं असं क्षणभर वाटलं होतं, पण त्यांच्यापुढे ते जमलं नसतं.

त्यांनी शांतपणे ऐकलं. "म्हणजे ते झाड गेलं."

"हो."

"आणि हे दुसरं आहे."

"हो. मुळं तीच, वरचं दुसरं."

मला वाटलं त्यांना रडू येतंय. मग म्हणाल्या, "बियाण्याचं झाड मोठं होतं ना गं? कलमापेक्षा?"

"खूप मोठं होतं."

"मग आपला खड्डा लहान आहे. आळं वाढवायला हवं."

पावसाळा लागल्यावर त्या परत आल्या, बोलल्याप्रमाणे. नवा जिना तोवर सुरू झालेला. माणसं धडाधडा उतरतात आणि आपापल्या वाटेने जातात. तिथे बाग होती हे त्यांना माहीत असायचं काही कारण नाही, आणि आम्हालाही आता त्याचं काही वाटत नाही. ताई त्याच जिन्याने सावकाश उतरल्या, मध्ये एकदा कठड्याला धरून थांबल्या, आणि फलाटाच्या टोकापर्यंत चालत आल्या. झाड आता कमरेला लागत होतं. त्यांनी पान बोटांत धरून बघितलं, सोडलं.

मग आम्ही आळं वाढवायला घेतलं. खणायला मी आणि भाऊ, बाकावर बसून सूचना द्यायला ताई. हातभर खाली गेल्यावर फावडं खणकन वाजलं. जुन्या फलाटाचं काँक्रीट.

भाऊंनी घाम पुसला. "पहार व्हयी."

ताई म्हणाल्या, "उद्या आणा."

ते दुसऱ्या दिवशी पहार घेऊन आले.